तेल्हारा ते भातकुली: पल्लवीला माहेरी आणताना

मामाचा फोन आला, "पल्लवीले आनाले जाचं हाय. संगं बाईमानूस पाह्यजे, तू चाल." मामी गुडघेदुखीने घरात, म्हणून वर्णी माझी लागली. पल्लवी माझी मामेबहीण. सासर तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात, माहेर भातकुली, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. मी पुण्याहून गाडी धरली.

तुम्ही कधी गेलात तर अकोल्याला उतरा, स्टेशनाबाहेर चहा घ्या आणि तेल्हाऱ्याची एसटी पकडा. बायकांना तिकीट अर्धं, हाडं मात्र पूर्ण वसूल होतात. मामा अकोल्यालाच भेटला. रस्ताभर कापसाची वेचणी चालली होती आणि मामा आपलं पीक सोडून सगळ्यांच्या पिकाला नावं ठेवत होता.

सासरी पातोडीचा रस्सा आणि भाकरी. व्याही, म्हणजे पल्लवीचे सासरे, अबोल. पण मामाचं ताट रिकामं होऊ देत नव्हते. निघताना गावची आशाताई आली आणि तिने मोबाइल पुढे केला. पल्लवीचं नाव लाल अक्षरांत होतं, कारण रक्तदाब चढलेला.

"हिची नोंद इथली हाय. मोठ्या डॉक्टरची तारीख मेसेजवर येते, अन् नंबर सासऱ्याचा देल्ला हाय. भातकुलीले गेल्या गेल्या बदलून घेजा."

"आता सारंच ऑनलाइन हाय, ताई," मामा म्हणाला.

अकोल्याहून पुढे गाडी केली. महामार्ग इतका गुळगुळीत की पल्लवी माझ्या खांद्यावर झोपून गेली. अमरावतीत तिला गिला वडा हवाच होता. मीठ कमी खायला सांगितलेलं, म्हणून मी अर्धाच दिला आणि तिने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

भातकुलीच्या दवाखान्यात सिस्टरने नाव टाकलं. नोंद तेल्हाऱ्यात दिसली. "नंबर बदलायला सासऱ्यांच्या फोनवर ओटीपी गेला आहे, तेवढा विचारून सांगा." मामा उठून बाहेर गेला. मी मागोमाग.

"व्याह्याले फोन करू मी? कालच पोरीले आनलं, अन् आज मांगनं सुरू? पहिलं बाळंतपन आपलं हाय."

"मी करते मग."

"तू तं मुळीच नोको करू. तिले तिथं जिंदगी काढाची हाय."

सिस्टरने रक्तदाब मोजला, गोळ्या दिल्या. "तारीख जुन्या नोंदीवरच येईल, ओटीपी आणाच," एवढं तिने दोनदा सांगितलं. सासऱ्यांशी पल्लवी फोनवर कधी बोललेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परतले.

मोठ्या डॉक्टरची तारीख आली होती. व्याह्यांनी मेसेज वाचला आणि फोन खिशात ठेवला. पल्लवीच्या नवऱ्याने हे मला नंतर सांगितलं. "बाबा म्हने, त्याईलेबी आला असंन. आपन सांगतलं तं त्याईले वाटंन, तुमाले पोर सांभाळता येत नाई असं म्हनून राहिले."

ती तारीख उलटून गेल्यावर एका पहाटे पल्लवीला झटके आले. अमरावतीला नेईपर्यंत उशीर झाला. ती वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

मला राग येतो, अजूनही येतो. कोणावर काढावा तेवढं ठरत नाही. दोन्ही घरं चांगली आहेत, अदबीची आहेत, आणि त्या अदबीनेच घात केला. पोरीला बाळंतपणाला आणायला निघणार असाल, तर आधी तो नंबर बदलून घ्या. मान नंतर सांभाळता येतो.

तेल्हाऱ्यातली नोंद अजून तशीच आहे, बाळ गेल्याचंही तिथे कोणी टाकलेलं नाही. व्याही आता मेसेज आला की हातातलं काम टाकून मामाला फोन लावतात आणि शब्द न् शब्द वाचून दाखवतात. परवा बाळाच्या पहिल्या लसीची तारीख आली. तीही त्यांनी वाचली.

"बरं केलं सांगतलं," मामा म्हणाला.