पेलाभर पाऊस

"आधी मोज, मग नाच!" असं बजावणारे काका स्वतः मात्र सतत नाचत असायचे. बसले की पाय हलायचा, पाय थांबला की पेनाचं टोपण वाजायचं, आणि दर दहा मिनिटांनी गच्चीवर फेरी. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, नुसतं बघूनच आपल्याला दम लागतो.

आमचं ऑफिस भांडुपला, एका जुन्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर. शहराला पाणी देणाऱ्या तलावांवरच्या ढगांत विमानातून मीठ फवारायचं आणि पाऊस वाढतो का ते बघायचं, असा प्रयोग होता. गच्चीवर पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काका काचेच्या नळीत ओतून मोजायचे, रजिस्टरात लिहायचे, आणि मी तो आकडा कॉम्प्युटरवर चढवायची. तलावांपलीकडे असेच आणखी दोन मापक होते.

काका मूळचे मालवणकडचे, राहायला दिंडोशीला. मापकावर कावळा बसला तरी वर धावायचे.

"काका, जरा टेका ना."

"ढग टेकतत काय गो?"

त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला. फवारणीनंतर थोडा तरी पाऊस दिसला तरच प्रयोग पुढे चालणार होता. नाहीतर ऑफिस बंद, काकांची नोकरी गेली आणि माझीही. शेवटी एका दुपारी विमान उडालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मापकात सहा मिलिमीटर! पलीकडचे दोन्ही मापक कोरडे होते, पण रात्री भांडुपला सर येऊन गेली असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. साहेबांनी पेढे मागवले. काका पेढा हातात घेऊन टेबलाभोवती गोल गोल फिरत होते.

संध्याकाळी ते गच्चीवरून उतरले ते स्टीलचा पेला घेऊन. पहिल्यांदाच मी त्यांना असं एका जागी उभं राहिलेलं पाहिलं.

"बाय, वाट लागली. काल मापकाच्या नरसाळ्यात कचरा अडकलाय काय बघायला पेलाभर पाणी ओतलं. तेवढ्यात साहेब ओरडले, विमान उडालं. मी धावलो कठड्याकडे. मापक रिकामा करायचा राहिलाच."

"कोणाला कळणार आहे? असू दे ना," मी म्हणाले. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मी खरंच असं म्हणाले.

"आभाळाच्या नावार नळाचा पाणी खपवू?"

त्यांनी सहावर लाल रेघ मारली, शून्य लिहिलं, पुढे 'निरीक्षकाची चूक' लिहून सही केली आणि रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

महिन्याभरात गाशा गुंडाळायचा हुकूम आला. शेवटच्या दिवशी काकांनी मापक रुमालाने आतून कोरडा पुसला आणि ते गावाला निघून गेले. मी सामान बांधायला मागे राहिले; मापक अजून गच्चीवरच होता.

पुढच्याच आठवड्यात रात्रभर पाऊस कोसळला. साडेआठ वाजले तसा माझा पाय खुर्चीत ठरेना. वर गेले, मोजलं, काकांना फोन लावला.

"काका, बेचाळीस!"

काकांनी आधी विचारलं, "पेलो खंय होतो?"

"खाली. कपाटात."

"मगे लिव."

रजिस्टर साहेब आदल्याच दिवशी घेऊन गेले होते. मी तळहातावर बेचाळीस लिहिलं आणि पुसू नये म्हणून मूठ मिटून जिना उतरले.