मी बदललेलं बटण

एका बाईचं नाव माझ्यामुळं खराब झालं, ते लिहायला बसलोय.

शाळा माझी चौथीपर्यंत. तरी ओतूरला लग्नाच्या शूटिंगचं दुकान टाकलं, आणि कॉम्प्युटरवर शूटिंग कापायचं-जोडायचं मिक्सिंग आलं तेव्हा तेही शिकलो. इंग्रजी वाचता येईना म्हणून बटणांवर बायकोच्या टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे काप, हिरवी म्हणजे चालव, निळी म्हणजे सेव्ह. त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्याही बटणाला हवं ते काम लावता यायचं. हे माझं मी शोधलं होतं. त्याची घमेंड लई.

हाताखाली बोरी बुद्रुकची एक सून कामाला होती. माझी मांडणी तिनं आठवड्यात पाठ केली. एक तुकडा झाला की न बघता निळ्या टिकलीवर बोट टेकवायची.

एका दुपारी ती डबा खायला उठली. तुकडा काढून टाकायचं बटण मला लांब पडायचं, बोटं आखडलेली. म्हणून ते काम मी निळ्या टिकलीखाली आणलं आणि सेव्ह दुसरीकडं नेलं. टिकली तशीच राहिली. तिला सांगितलं नाही. आपल्याच दुकानात बटण बदलायला कामाच्या बाईला विचारायचं का, असं वाटलं.

निरगुडसरच्या एका लग्नातलं कन्यादान तेवढं राहिलं होतं. तिनं ते नीट केलं आणि निळीवर बोट ठेवलं. कन्यादान गेलं, पुढचा तुकडा सरकून त्या जागी बसला. तिला कळलंच नाही. सीडी तपासायचं काम माझं. मी न बघता दिली, वर मूळ कॅसेट पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली.

पंधरा दिवसांनी, ती माहेराहून परत कामावर आली त्याच दिवशी, नवरीचा मामा दुकानात आला. "राव, पंगत अर्धा तास दावली, अन् कन्यादानच न्हाई? पोरगी काय पळून गेली व्हती का आमची?"

ती पुढं झाली. बटण दाबून बघितलं आणि माझ्याकडं वळली. "तात्या, तुमी बटण बदललं का?"

मला तेव्हाच कळलं होतं. तरी मामासमोर म्हणालो, "मी? माझा हात कधी चुकत नाय. बाईचं लक्षच नव्हतं."

ती पिशवी घेऊन निघून गेली.

चार दिवसांनी मी बोरीला तिच्या दारात उभा राहिलो. "मशीनमधी गडबड व्हती. या उद्यापासून."

"मशीनमधी का तुमच्यात, तात्या?" ती म्हणाली. "निरगुडसरची ती माणसं माझ्या नणंदेच्या सासरची. तिथं जाऊन खरं सांगा, मग येते कामाला."

'चुकलो' एवढा शब्द काही तोंडातून निघाला नाही. एकदा निरगुडसरला जायला एसटीत बसून मंचरपर्यंत गेलो. उतरलो, चहा घेतला आणि ओतूरची गाडी धरली.

ती परत आली नाही. पुढं कानावर आलं, त्या घरात तिला 'कन्यादान गिळलेली' म्हणून चिडवतात. हसतात म्हणे सगळे, तीही हसते.

गुडघ्यांमुळं निरगुडसरला जाणं होत नाही, असं मी घरच्यांना सांगतो. कालच आळ्याच्या बाजाराला जाऊन आलो.