क्रूझ, ट्रेलर आणि निलोफरला न सांगितलेल्या गोष्टी

सांगून टाकलेला किस्सा आठवडाभरात विरतो. दडवलेला मात्र बसून राहतो, आणि आमच्या गुरुग्रामच्या ढोल पथकाकडे दडवलेल्यांचाच साठा आहे! सगळे एकाच बाईपासून दडवलेले. निलोफर, आमच्या समीरची बायको.

समीर आयटीवाला, मूळचा साताऱ्याचा. त्याने पिकअप घेतली, मागे ट्रेलर जोडला आणि पथकाचे ढोल वाहायला लागला. निलोफरचा सख्खा भाऊ हायवेवरच अपघातात गेला. म्हणून तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "ट्रेलर एकदा जरी डुलला ना समीर, गाडी विकायची. मला चर्चा नकोय." समीरचा त्या गाडीवर इतका जीव की विचारू नका. आणि गाडी गेली तर ढोल काय मेट्रोतून न्यायचे?

*

या सगळ्याचं मूळ म्हणजे क्रूझ कंट्रोल. बटण दाबलं की गाडी आपणहून एका स्पीडला धावते. मोकळ्या गाडीला ठीक आहे हो, पण मागे ट्रेलर ओढताना? मी पहिल्यापासून ओरडत होते. ताशा वाजवणाऱ्या बाईचं कोण ऐकतं!

एकदा नोएडाला निघालो होतो. मी मागच्या सीटवर. समोर टोल नाका दिसायला लागला, पुढच्या गाड्यांचे लाल दिवे दिसायला लागले, तरी आमची गाडी आपली त्याच चालीत.

"समीर, ब्रेकवर पाय ठेव!"

"एक मिनिट ताई, सोडवतोय."

"काय सोडवतोयस?"

"मांडी!"

हा गृहस्थ क्रूझ लावून, ड्रायव्हरच्या सीटवर, मांडी घालून बसला होता! गाडी थांबली तेव्हा पुढच्या कारमधलं पोर मागच्या काचेतून आम्हाला टाटा करत होतं, इतक्या जवळून.

*

आमच्या पथकातले काका, आडनाव खरे, रिटायर्ड बँक मॅनेजर. चाळीस वर्षं दिल्लीत, त्यामुळे मराठी बोलता बोलता हिंदीत घसरतात. पुढच्या सीटचा मान त्यांचा.

एकदा फ्लायओव्हर चढताना स्पीड पडला. क्रूझने लगेच गिअर खाली टाकला आणि इंजिन असं किंचाळलं की काका दचकून समीरला म्हणाले, "अरे यार, मी फक्त एसी कमी कर म्हणालो. चिडतोस कशाला?"

उतारावर उलटा प्रकार. मागून धाडकन धक्का बसला. काकांनी दांडी घट्ट धरली. "ठोकलं! किसीने ठोक दिया!"

समीरचा चेहरा पांढरा, पण आवाज गोड. "कुणी नाही हो काका. आपलेच ढोल ढकलतायत."

*

त्याच दिवशी निलोफरचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही रस्त्याकडेला थांबून पाणी पीत होतो.

"सगळं ठीक ना?"

"बिल्कुल!" आम्ही सगळे एकदम.

"सगळे एकदम एकच शब्द बोलताय, म्हणजे नक्की काहीतरी झालंय."

समीरने नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून पुतळ्यासारखा बसला. मागे काका मात्र खुशाल बाटली तोंडाला लावत होते!

*

धुक्यातला किस्सा सांगताना मला अजूनही कसंतरी होतं. समोर पांढरं, बाजूला पांढरं, आणि अचानक बोनेटपुढे उसाची ट्रॉली. दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समीरने ब्रेक दाबला, मागचा ट्रेलर करकरत तिरका झाला आणि उसाची टोकं काचेला घासली.

मग समीर हळूच म्हणाला, "क्रूझला वाटलं, रस्ता मोकळा आहे."

"क्रूझला डोळे आहेत का रे मेल्या!" मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्या दिवशी मी खरंच रडले. आणि तरीही निलोफरला सांगितलं नाही.

*

यंदा संक्रांतीला पानिपतच्या युद्धस्मारकाला, काला अंबला, मानवंदना द्यायला निघालो, तर निलोफर म्हणाली, "मीही येते." नाही कसं म्हणणार? काका मुकाट मागे आले, ती पुढे बसली.

आमच्या पथकाची एक रीत आहे. जागेवर पोचलं की आधी ध्वज आणि टोलाचा, म्हणजे ठोके देणाऱ्या मोठ्या घंटेचा, लोखंडी गाडा उतरायचा, मग बाकीचं. म्हणून ते सगळ्यात शेवटी, ट्रेलरच्या दारापाशी भरायचं. म्हणजे सगळं वजन शेपटाला!

परतताना भुरभुर पाऊस सुरू झाला. समीरने सवयीने क्रूझ लावलं. एक बस जोरात शेजारून गेली आणि ट्रेलर डुलला. डावीकडे. उजवीकडे. परत डावीकडे, आता जास्त. गाडीची मागची बाजूही त्याच्याबरोबर खेचली जायला लागली, आणि क्रूझ मात्र स्पीड पडतोय म्हणून आणखी रेटा देतंय!

"ब्रेक मार!" काका ओरडले. समीर गोठला होता.

निलोफरने हात लांब करून स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. आवाज अगदी शांत. "क्रूझ काढलं. ब्रेकला पाय लावू नकोस. सरळ धर फक्त. सरळ."

गाडी मंदावली. ट्रेलर एकदा, दोनदा हलला आणि रांगेत आला. एका ढाब्यापुढे आम्ही थांबलो.

"तुला कसं माहीत?" समीरने विचारलं.

"गाडी आली त्याच दिवशी मॅन्युअल वाचलं मी. भीती मला वाटते ना."

समीरने चावी तिच्या हातात ठेवली. डोळे भरलेले. "विकून टाकू या, निलू."

"ते मी ठरवेन." ती उतरली, ट्रेलरचं दार उघडलं आणि आत बघून आमच्याकडे वळली. "हा गाडा पुढे सरकवा. अगदी पुढे. मागे वजन म्हणूनच डुलला तो."

पावसात भिजत आम्ही सगळे कामाला लागलो. काका तेवढे ध्वज छातीशी धरून अडले. "पण बेटा, पथकाची रीत आहे. टोल आधी उतरतो."

"काका," निलोफर म्हणाली, "आधी माणसं सुखरूप उतरू देत."

आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली.