बिनदोऱ्याची मशीन

मशीनच्या तेलाचा वास आला की मला ते साल आठवतं. लोहाऱ्यात माझ्या शिलाईच्या दुकानासमोर रेडिमेड कपड्याचं दुकान निघालं अन् माझं गिऱ्हाईक तिकडं वळलं. पण रिकामा बसलेला दिसेन तर मी कसला टेलर! सुईत दोरा नसताना दिवसभर मशीन चालवायचो, खडखड ऐकून लोकांनी म्हणावं, मास्तरला लई काम. घरी मात्र घास उतरंना, झोप येईना, छातीत धडधड. बायको म्हणायची, "मनातलं कुणाला तरी सांगा." मी म्हणायचो, "पित्त झालंय." त्यात शेजारी पत्र्याचे डबे करणारे अप्पा. त्यांची ठोकठोक ऐकून आणखी जीव जळायचा, ह्या माणसाला किती काम असावं! एका दुपारी ते उसवलेला सदरा घेऊन आत आले अन् मशीनकडं बघतच राहिले. "मास्तर, दोरा कुठंय?" मला घाम फुटला. अप्पा खाली बसले अन् हळूच म्हणाले, "म्या बी महिनाभर एकच डबा ठोकतोय. तुमची मशीन थांबंना, मग मी कसा थांबू?" आधी मला त्यांचा राग आला, मग दोघं इतके हसलो की समोरचा रेडिमेडवाला बघायला बाहेर आला. त्या रात्री मी घोरलो म्हणे. काम काय लगेच आलं न्हाय. आता हात रिकामा असला की मी सरळ हाक मारतो, "अप्पा, या, आज काम न्हाय." तो डबा त्यांनी मलाच दिला. त्यात मी दोऱ्याची रिळं ठेवतो. ठोकून ठोकून असा वाकडा झालाय की झाकण काय बसत न्हाय.