कुणाला काही शंका?

स्टाफरूममधले खडू संपतात, किस्से संपत नाहीत. एक सांगितला की त्याच्या मागे दुसरा उभाच. यंदाचे सगळे माझ्या व्हिडिओ-पाठांचे आहेत. सांगताना मीही हसते. पण जूनमध्ये माझं कंत्राट चालू राहणार की नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

बिबवेवाडीतल्या आमच्या हायस्कूलमध्ये मी नववीला विज्ञान शिकवते. चांगला पाठ एका वर्गापुरता का ठेवायचा? म्हणून मी शिकवतानाच सगळे पाठ रेकॉर्ड केले आणि कुठल्याही शाळेने कितीही वेळा वापरावेत म्हणून मोफत देऊन टाकले. आमच्यातल्या सर्वांत सीनियर कुलकर्णी बाई तेव्हाच म्हणाल्या, "छान. मृत्युपत्र लोक म्हातारपणी करतात."

*

एका पाठात मी मध्येच ओरडलेय, "जाधव, खिडकीबाहेर काय आहे?" ते कापायचं राहिलं.

येरवड्याच्या एका शाळेतल्या मॅडमचा फोन आला. "अहो, आमचा जाधव रडायला लागलाय. म्हणतो, स्क्रीनमधल्या बाईंना मी दिसतो."

"तो बाहेर बघत होता का?"

"बघत होता ना. तेच तर."

*

विज्ञान प्रदर्शनात वाघोलीकडची एक मुलगी माझा आवाज ऐकून थबकली. जवळ येऊन तिने माझ्या ओढणीला हळूच बोट लावून पाहिलं.

"बाई, तुम्ही खऱ्या हाय व्हय? आमचे सर म्हनले, पाठ हाय, आता बाईंचं काय काम."

तिच्या मैत्रिणी खूप हसल्या. मला ओढणी नीट करायचंही सुचेना.

*

मग माझा घसा बसला. वर्गात उभी राहिले, तोंड उघडलं, आवाजच नाही.

पहिल्या बाकावरची सानिका प्रेमाने म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा. आम्ही तुम्हाला लावतो."

आणि लावलं. नेमके तेव्हाच हेडसर दारावरून गेले. थांबले. बराच वेळ थांबले.

कुलकर्णी बाईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "मग हेडसर काय म्हणाले, दोघींत चांगलं कोण शिकवतं?"

*

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. "आज तुम्ही वर्गात जाऊ नका. माझ्याबरोबर बाहेर उभ्या राहा. नुसत्या पाठावर वर्ग चालतो का, ते बघू. जूनचं त्यावरच ठरवू."

आम्ही दारापाशी उभे राहिलो. आत माझाच आवाज चालला होता, स्पष्ट, न थकता. वर्ग चिडीचूप.

स्क्रीनवरची मी म्हणाले, "कुणाला काही शंका? घाबरू नका, हात वर करा."

सानिकाने हात वर केला.

स्क्रीनवरची मी तिच्या डोक्यावरून कुठेतरी बघत हसले. "कुणालाच नाही? शाब्बास. मग पुढे जाऊ."

सानिकाचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तो खाली घेतला आणि मुकाट्याने वहीत उतरवून घ्यायला लागली.

हेडसर माझ्या कानाशी वाकले. "बघितलंत? एकही शंका नाही."