बाही धरणाऱ्या ताई

रेवा आणि ईशान,

परवा फोनवर रेवाने विचारलं, "आजी, चांगला कोच कसा ओळखायचा?" तुमच्या गावात म्हणे कुस्तीसारखं काहीतरी शिकवणारे बरेच वर्ग आहेत आणि त्यातला कोणता निवडायचा यावर तुमच्या आईबाबांचं जमत नाही. "विचार करून सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. हाच प्रश्न मला वीस-बावीस वर्षांपूर्वी गोंदियात पडला होता, तुमच्या आईसाठी. त्याचं उत्तरही मिळालं होतं. ते उत्तर माणसाची बाही धरून बोलायचं.

सगळे त्यांना ताई म्हणत. माझ्याहून लहान होत्या, तरी मीही ताईच म्हणायची. बोलायला तोंड उघडायच्या आधी त्यांचा हात पुढे यायचा आणि तुमची बाही कोपराजवळ मुठीत जायची. मग बोलणं. भाजीबाजारात वांगेवाल्याची बाही, पोस्टात खिडकीतून हात घालून आतल्या बाबूची बाही. एकदा तर भर रस्त्यात वाहतूक हवालदाराची. तो बिचारा शिट्टी वाजवायचीच विसरला. कोणी दचकलं की म्हणायच्या, "पहिले पकड, मंग बोल. पकडल्याबिगर माणूस ऐकतच नाही जी."

तुमची आई तेव्हा नववीत होती. आज ती फोनवर वीज कंपनीच्या माणसाला कशी धारेवर धरते ते तुम्ही ऐकता, म्हणून तुम्हाला पटणार नाही. पण तेव्हा तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. वर्गात कोणी तिचा बाक बळकावला तर ही मागे जाऊन बसायची. एका संध्याकाळी जेवताना ती वरणाकडे बघत म्हणाली, "मला ज्युदो शिकायचं आहे."

"वरणाला सांगतेस की मला?" आजोबांनी विचारलं.

तिने मान वर केली नाही. आजोबा पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. प्रत्येक गोष्टीला दार बसवायचं आणि ते केव्हा बंद करायचं ते आधीच ठरवायचं, हा त्यांचा स्वभाव. ते म्हणाले, "ठीक आहे. एक स्पर्धा होईपर्यंत. हौस भागली की बंद. पुढे दहावी आहे." आई मानेनेच हो म्हणाली. तिला यापेक्षा जास्त हवं होतं, हे मला तिच्या ताटातल्या उरलेल्या भातावरून कळलं. पण ती मागणार नाही, हेही कळलं.

शोधाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्गाच्या भिंतीवर गुरुजींचेच फोटो होते, प्रत्येकात ते काहीतरी फोडत होते. छपरावरची कवेलू, विटा, बर्फाची लादी. मला खुर्ची देऊन म्हणाले, "मॅडम, छह महीने में ब्लैक बेल्ट, गारंटी." मी विचारलं, मुलीला काय शिकवाल? त्यांनी आणखी एक फोटो दाखवला. दुसरीकडे एका आखाड्यातल्या वस्तादांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि तो संपेपर्यंत पोरींनी आखाड्यात का येऊ नये ते समजावलं. चहा चांगला होता.

तिसरी जागा म्हणजे एका वस्तीतल्या विहाराशेजारचं सभागृह. ताई तिथे संध्याकाळी मुलींना ज्युदो शिकवायच्या. दिवसा एका शाळेत पी.टी.च्या शिक्षिका. जमिनीवर बारदान्यांत तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरून शिवलेल्या गाद्या टाकलेल्या. तुमच्या आईला घेऊन मी दारात उभी राहून बघत होते. एक सातवीतली चिमुरडी ताईंना खांद्यावरून फेकत होती. ताई पडायच्या, उठायच्या, म्हणायच्या, "नाही जमलं. अजून एकदा फेक मले." पुन्हा पडायच्या. केसांत तणस, साऱ्या अंगाला बारदान्याचा वास. तिथे भिंतीवर फोटो नव्हते.

रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच संपतं. वर्गात जा आणि पडतंय कोण ते बघ. शिकवणाराच पडत असेल तर नाव घाल.

तेवढ्यात ताई आल्या आणि माझी बाही धरली. "अवो मॅडम, दारात काऊन उभ्या? आत या ना." मग तुमच्या आईची धरली. "काय व पोट्टी, नाव काय?" आईने नाव सांगितलं ते आमच्या तिघींपैकी तिलाच ऐकू गेलं असेल.

"शांत आहे ती," मी म्हटलं.

"शांत नाही जी, सैल आहे," ताई म्हणाल्या. "धर माझी बाही. अशी नाही. चिंधी पकडून राह्यली का? हं. आता सांग नाव."

त्या पावसाळ्यात आमच्या घरी मोठा वाद झाला, कारण ताईंनी साऱ्या मुलींना आपल्या शेतावर धानाच्या रोवणीला बोलावलं. त्यांचं शेत आमगाव रस्त्याला होतं. आजोबा म्हणाले, "फी आपण द्यायची आणि त्यांचं धानही आपणच लावायचं?" शेवटी तुमच्या आईला घेऊन मी पाहायला म्हणून गेले. गुडघाभर चिखलाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, मुली ओळीने वाकलेल्या आणि ताई कडेच्या धुऱ्यावरून ओरडतायत, "पाय वढू नोको, उचल! टाच पहिले काढ! कंबर खाली! चिखल तुले पाडून राह्यला, चिखलाशी भांड!" एकेक जण धप्पकन बसायची आणि बाकीच्या खिदळायच्या. तुमची आई चार वेळा बसली असेल. पाचव्यांदा पडता पडता तिने शेजारणीची बाही धरली आणि उभी राहिली. ताईंनी धुऱ्यावर उडीच मारली. "हेच! हेच तं पाह्यजे!" महिन्याभरात तिच्या पायांत जोर आला. घरात चालायची तेव्हा भांडी वाजायची.

तिची पहिली स्पर्धा अर्जुनी मोरगावला होती. सकाळच्या गाडीने आम्ही निघालो: ताई, सात मुली आणि डबा सांभाळायला मी. खिडकीबाहेर धान उभं होतं, कापणीला अजून वेळ होता. उतरायची वेळ आली तेव्हा तुमची आई हळूच म्हणाली, "आई, आजचं झालं की बंद ना?" मी म्हटलं, "बाबांनी तसं म्हटलं आहे." ती खिडकीची दांडी धरून होती. बोटं पांढरी पडली होती.

पहिली लढत सांगण्यासारखी नाही, कारण मी ती पाहिलीच नाही. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, तोवर तुमची आई पाठीवर होती आणि पंचाचा हात वर. समोरच्या मुलीने फक्त पायाने पाय झाडला होता.

मला वाटलं ताई चिडतील. त्यांनी आईची बाही धरली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अवो, माझीच चूक आहे हे! गादीवरही पोट्टी चिखलातल्यासारखा पाय उचलून राह्यली. वर उचलला पाय, कोणीही झाडन." मग बाकीच्या मुलींकडे वळून, "साऱ्या तशाच चालून राह्यल्या, बगळ्यावानी!" आणि खरंच, गादीवर आमच्याच मुली तेवढ्या गुडघे उचलून चालत होत्या. ताईंचं शिकवणं पिकाबरोबर चालायचं. रोवणी झाली होती. पुढचा धडा कापणीनंतर यायचा होता आणि स्पर्धा त्याच्या आधीच आली.

तिथल्या नियमाप्रमाणे हरलेल्यांना आणखी एक संधी होती. ताईंनी आईला भिंतीपाशी नेलं.

"धान वाळू घातलं राह्यते, ते पाह्यलं का कधी?"

"हो. राईस मिलच्या अंगणात."

"पायानं कसं फिरवते बाया? पाय उचलते का?"

"नाही. घासत जातात. पाय धानातच ठेवून."

"मंग जाय. ही गादी नाही, वाळलेलं धान आहे. फिरव."

सभागृहाच्या त्या कोपऱ्यात सात मुली एकामागे एक पाय घासत चालायला लागल्या. बाकीच्या शाळांचे लोक बघून हसत होते. मीही हसले असते, पण माझं लक्ष तुमच्या आईच्या पायांकडे होतं.

दुसऱ्या लढतीत तुमच्या आईचा पाय जमिनीवरून सुटला नाही. समोरच्या मुलीने दोनदा झाडला, काहीच लागलं नाही. मग आईने बाही ओढली, दोघी खाली आल्या आणि आई वर राहिली. ती मुलगी मासोळीसारखी तडफडत होती. मागून ताई, "पकड! पकड! बोलू नोको, पकड!" दाबून धरायची ठरलेली वेळ भरली, पंच म्हणाले, "झालं." आईने सोडलं नाही. पंचांनी खांद्यावर थाप मारली, "सोड बेटा, जिंकलीस तू." शेवटी ताईंनी जाऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

तिसरी लढत ती हरली, पण चांगली हरली. पदक मिळालं नाही.

रात्री ताई आम्हाला घरापर्यंत सोडायला आल्या. आजोबा दारातच होते. "काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माझी बाही धरून मला मागे ओढलं. तुमची आई पुढे गेली आणि तिने आजोबांच्या शर्टाची बाही कोपराजवळ मुठीत घेतली.

"बाबा, दोन हरले, एक जिंकले. मला शिकणं बंद नाही करायचं."

"अगं, आपलं ठरलं होतं." आजोबांनी हात सोडवून पाहिला. सुटेना. दुसऱ्या हाताने प्रयत्न केला. "शर्ट फाटेल."

"फाटू दे."

"साहेब, ते सुटाचं नाही," ताई मागून म्हणाल्या. "म्या शिकवलं आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती, वरणाकडे नाही. "बरं बाई. शिक. आता तरी सोड."

"दहावीतही?"

"दहावीतही!"

मग तिने सोडलं. तो शर्ट आजोबांनी पुढे कित्येक वर्षं घातला. उजवी बाही डावीपेक्षा लांब दिसायची.

तुमची आई बारावीपर्यंत ताईंकडे जात राहिली. तुम्ही दोघं अगदी लहान होतात तेव्हा ताई आजारी पडल्या. मी भेटायला गेले तेव्हा नेहमीप्रमाणे हात पुढे आला, बाहीपर्यंत पोचला, पण मूठ मिटली नाही. "पाहा मॅडम," त्या हसत म्हणाल्या, "सैल झाली." मी त्यांच्या बाहीला हात घातला आणि तशीच बसून राहिले. त्या शेताबद्दल बोलत होत्या, कोणत्या बांधीत यंदा काय लावलं ते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई गेल्या.

त्या सभागृहात आता फरशी आहे. तणसाच्या गाद्या केव्हाच गेल्या, वर्गही बंद झाला. तिथे लग्नं लागतात.

पण तुमची आई काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी तुमची बाही धरते. ती सवय आमच्या घरातली नाही.

तुमची,
आजी