उजळलेलं पाणी

लेकीने प्रयोगशाळेतले दिवे मालवले. टेबलावर पाण्याच्या दोन कुप्या होत्या, दोन्ही सारख्याच नितळ. एकीत तिने विषाचा थेंब टाकला होता. माणसाच्या नसा लुळ्या पाडणाऱ्या भयंकर विषाचा एक सौम्य भाऊबंद, प्रयोगापुरता. मग दोन्हींत स्वतः बनवलेलं रसायन सोडून तिने जांभळा दिवा लावला, आणि एक कुपी आतून मोरपंखी उजळली.

"अगंबाई, किती सुंदर!" माझा हात आपसूक पुढे गेला.

"आई, हात नको! उजळलं की समजायचं, विष आहे. एरवी त्याला ना रंग ना वास. म्हणून असं बोलतं करायचं."

लहानपणी जत्रेतल्या सरबताच्या बाटल्या अशाच खुणावायच्या, आणि माझी आई मला दंडाला धरून पुढे ओढायची. आज ओढणारी लेक होती.

दुसरी कुपी अंधारात गप्प होती. चांगलं पाणी दिसतच नव्हतं. दारात आलेल्याला आपण आधी पाणी देतो, आणि तोही काही न विचारता भांडं तोंडाला लावतो. त्या न विचारण्यावर किती घरं उभी आहेत! आता आपल्या सगळ्यांच्या वतीने ही पोरगी पाण्याला विचारत बसते.

बाहेरच्या खोलीत आल्यावर तिने हात धुतले, पिशवीतून आपली बाटली काढली.

"दमली असशील. आधी पाणी घे."

मी बाटली नकळत खिडकीच्या उजेडात धरली. ती हसली.

मग मी डोळे मिटून प्यायले.